जुन्या होडीला नवा जोड

पश्चिम रेल्वेच्या गाडीने विरारहून डहाणूकडे निघालात, तर सफाळ्यानंतर केळवे रोड हे स्थानक लागते. तेथून काही किलोमीटर पश्चिमेला गेले की पानवेलीच्या वाड्या, शीतलादेवीचे देऊळ आणि सुरूच्या बनाला लागून पसरलेला केळव्याचा लांबलचक समुद्रकिनारा. सहलीला आलेली मंडळी भरतीच्या वेळी पाण्याने वेढला जाणारा पाणकोट पाहतात, वाळूत खेळतात आणि परत जातात. आपण मात्र आज वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांकडे जरा निरखून पाहणार आहोत.

केळव्याच्या उत्तरेला माहीम, वडराई आणि पापलेटसाठी नावाजलेली सातपाटी. दक्षिणेला उसरणी, एडवण. हा सगळा पट्टा मच्छीमारांचा. एके काळी इथली प्रत्येक होडी लाकडाची असे. सागाच्या फळ्या, त्यांच्या सांध्यांत ठोकून भरलेला कापूस, वरून तेलाचा हात. या होडीला समुद्रातच एक शत्रू असतो. त्याचे नाव टेरेडो. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. लाकडात शिरून तो आतल्या आत बोगदे करतो आणि बाहेरून सुबक दिसणारी फळी आतून चाळणी होते. म्हणून लाकडी होडी वरचेवर बाहेर काढायची, वाळवायची, खरवडायची, पुन्हा रंगवायची असा क्रम चालू राही. नंतर फायबरच्या होड्या आल्या. टेरेडोला त्यात खाण्यासारखे काही नाही. शिवाय त्या वजनाला हलक्या. केळव्यासारख्या उथळ उताराच्या किनाऱ्यावर होडी हातांनी वाळूवर ओढावी लागते, तेथे हलकेपणाची किंमत ओढणाऱ्याच्या खांद्यालाच कळते.

‘फायबर कुजत नाही’ हे वाक्य तुम्ही किनाऱ्यावर कुणाकडूनही ऐकाल. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. समजा, पंधरा वर्षे वापरलेली एक फायबरची होडी सुरूच्या सावलीत पालथी घातलेली आहे. तळाचा रंग उडाला आहे, पोटाला फोड आले आहेत, एका बाजूला खडकावर आपटून पडलेले वितीएवढे भगदाड आहे. ही होडी पुन्हा समुद्रात जाईल काय? जाईल, आणि आणखी कित्येक वर्षे चालेलही. पण त्यासाठी ती कशाची बनली आहे आणि नवा तुकडा तिला नेमका कशाने चिकटतो, हे समजून घेतले पाहिजे. वरवर बुजवलेले भगदाड किनाऱ्यावर छान दिसते. ते उघडते तेव्हा मात्र आत माणसे असतात आणि किनारा दूर असतो.

कुडाची भिंत आणि काचेची होडी

आपण ‘फायबर’ म्हणतो तेव्हा होडीच्या अर्ध्याच द्रव्याचे नाव घेतो. तिच्यात दोन पदार्थ असतात. एक म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि दुसरे रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ. अशा पदार्थाला संमिश्र म्हणतात. ही कल्पना नवी मुळीच नाही. पालघर, जव्हार, डहाणू या भागात कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून त्यावर शेणमातीचा गिलावा देतात. नुसत्या काठ्यांतून वारा येतो, नुसती माती ढासळते. दोन्ही मिळून मात्र भिंत होते. होडीत काचेचे तंतू हे कारवीचे काम करतात आणि रेझिन मातीचे.

काच तर ठिसूळ, मग होडीला बळकटी कशी देणार, असे तुम्हाला वाटेल. खिडकीची काच फुटते ती तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगांमुळे. भेगेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि भेग पुढे धावत जाते. अतिशय बारीक तंतू ओढला, तर त्याच्यावर अशा भेगा फारच थोड्या आणि लहान असतात. म्हणून नुकता ओढलेला काचतंतू साध्या पोलादापेक्षा कित्येक पट ताण सोसतो आणि त्याची घनता पोलादाच्या एकतृतीयांशच असते. एखादा तंतू तुटलाच, तरी भेग शेजारच्या रेझिनशी येऊन अडते, पुढच्या तंतूत सहजी शिरत नाही.

असे तंतू स्वस्तात बनवण्याची युक्ती अपघाताने सापडली. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेच्या विटा वितळत्या काचेने जोडण्याच्या खटपटीत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर पडला आणि तिचे झुपकेच्या झुपके तंतू झाले. दहा वर्षांनी, १९४२ मध्ये, रे ग्रीन याने पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू यांची एक लहान होडी बनवली. आपल्याकडे कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) लाकडी होड्यांवर काचतंतूंचे अस्तर चढवण्याचे प्रयोग केले, ते मुख्यतः टेरेडोपासून बचाव करण्यासाठी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या फार मोठ्या संख्येने आल्या.

मेण आणि उकडलेले अंडे

आता रेझिनकडे वळू, कारण दुरुस्तीची सारी अडचण तिथेच आहे.

पिंपातून येते तेव्हा पॉलिएस्टर रेझिन मधासारखे दाट असते. त्यात पॉलिएस्टरच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात आणि त्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळलेल्या असतात. फायबरच्या कामाजवळून जाताना नाकात शिरणारा उग्र वास या स्टायरीनचा. साखळ्यांमध्ये ठिकठिकाणी कार्बनच्या दोन अणूंत दुहेरी बंध असतो. स्टायरीनच्या रेणूतही तसा एक बंध असतो. हे बंध उघडले, तर स्टायरीनचे रेणू एका साखळीपासून दुसरीपर्यंत शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडले जातात आणि सगळ्या द्रवाचे एकच त्रिमितीय जाळे होते.

बंध उघडण्याचे काम एक पेरॉक्साइड करते. त्याचे पूर्ण नाव मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड. कारागीर त्याला हार्डनर किंवा कॅटॅलिस्ट म्हणतात. रसायनशास्त्राच्या तासाला उत्प्रेरकाची व्याख्या तुम्ही शिकला असाल: जो क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः अखेर जसाच्या तसा राहतो. हे पेरॉक्साइड तसे राहत नाही. ते तुटते, खर्च होते. तेव्हा त्याला कॅटॅलिस्ट म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, पण बाजारात ते नाव रूढ झाले आहे, इलाज नाही. नेहमीच्या तापमानाला ते पुरेशा वेगाने तुटावे म्हणून रेझिनमध्ये कोबाल्टचे एक जांभळट संयुग आधीच मिसळलेले असते. हा खरा उत्प्रेरक.

मेण तापवले की वितळते, निवले की घट्ट होते. हा खेळ कितीही वेळा करा. अंडे मात्र एकदा उकडले की उकडले, ते पुन्हा पातळ होत नाही. प्लास्टिकची बादली मेणाच्या जातीची. तापलेल्या सळईने तिची चीर सांधणारा माणूस तुम्ही बाजारात पाहिला असेल. घट्ट झालेले पॉलिएस्टर रेझिन अंड्याच्या जातीचे. उष्णता दिली तर ते वितळत नाही, करपते.

याचा परिणाम पाहा. लोहार तुटलेले लोखंड तापवून एकजीव करतो. सुतार कुजलेली फळी काढून दुसरी बसवतो. फायबरच्या होडीचे कवच मात्र अखंड आहे, त्यात फळीच नाही, आणि जुने रेझिन नव्या रेझिनशी एकजीव होत नाही, कारण त्याचे बहुतेक सगळे दुहेरी बंध पंधरा वर्षांपूर्वीच वापरून झाले. ताज्या थरावर काही तासांत दुसरा ताजा थर दिला, तर दोघांत खरे रासायनिक बंध तयार होतात. जुन्या होडीवर दिलेला नवा थर मात्र मुख्यतः पकडून बसतो, जसा खडबडीत भिंतीला गिलावा. तेव्हा होडीची दुरुस्ती म्हणजे ही पकड चांगली मिळवणे. यापुढची प्रत्येक गोष्ट, घासणे, वाळवणे, उतार देणे, ही त्या एका पकडीसाठी आहे.

होडीचे ऐकावे कसे

काम सुरू होते ते कानांनी. लहान हातोडी किंवा एक नाणे घेऊन होडीच्या पोटावर वीतभर अंतराने टकटक करत जायचे. कवच निकोप असेल तेथे खणखणीत आवाज येतो. थर एकमेकांपासून सुटले असतील किंवा आतील लाकूड कुजले असेल तेथे आवाज बद्द येतो. अशा जागेभोवती खडूने रेघ ओढायची. हा प्रयोग तुम्हाला घरीही करता येईल. फरशीवर किंवा न्हाणीघराच्या भिंतीवरील लाद्यांवर नाण्याने टकटक करत चला. बहुतेक घरांत एखादी तरी लादी पोकळ वाजतेच, कारण तिच्याखाली सिमेंट पूर्ण बसलेले नसते. दोन आवाजांतला फरक एकदा कानात बसला की डोळे मिटूनही ती लादी ओळखता येते.

होडीत संशयाच्या जागा ठरलेल्या असतात. तळाचा कणा वाळूवरून घासून झिजलेला असतो. केळव्याला तर होडी ओढण्याच्या प्रत्येक खेपेला वाळू पॉलिश पेपरसारखे काम करते. दुसरी जागा म्हणजे मागची, मशीन टांगण्याची फळी. तिच्यात बळकटीसाठी दोन्ही बाजूंच्या फायबरमध्ये प्लायवूड घातलेले असते. बोल्टच्या भोकातून पाणी आत झिरपते आणि तेथेच अडकते. लाकडी होडीचे लाकूड निदान उन्हात वाळते तरी, फायबरमध्ये कोंडलेल्या लाकडाला वाळायला वाटच नसते. ते काळे पडून भुसभुशीत होते. फायबर कुजत नाही हे खरे, पण फायबरच्या होडीतले लाकूड कुजते. संशय आला तर आतल्या बाजूने बारीक छिद्र पाडून गिरमिटाला लागलेला भुगा पाहावा. कोरडा आणि फिकट भुगा आला तर बरे, ओला आणि काळा आला तर ती फळी उघडून आतले प्लायवूड बदलण्यावाचून गत्यंतर नाही. या ठिकाणी काटकसर करू नये असे मी म्हणेन. मशीनचा सगळा जोर त्या फळीवर येतो.

तिसरी गोष्ट पोटावरचे फोड. ते का येतात हे समजण्यासाठी पाच-सहा मनुका पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. सकाळी त्या टम्म फुगलेल्या दिसतील. मनुकेची साल पाण्याला आत येऊ देते, पण आतल्या साखरेला सहजी बाहेर जाऊ देत नाही. आत दाट द्रावण, बाहेर पातळ पाणी, म्हणून पाणी आत शिरत राहते. हे परासरण. होडीच्या बाहेरच्या अंगाला जेलकोट नावाचा रंगीत रेझिनचा पातळ थर असतो. तो पाणी अडवतो, पण रेणूच्या मापाने पाहिले तर तोही सच्छिद्र आहे. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्यावर थोडे पाणी पलीकडे जाते, आत राहिलेले आम्ल, ग्लायकोल अशा पदार्थांना विरघळवते, आणि त्या दाट द्रावणाच्या ओढीने आणखी पाणी येते. दाब वाढून जेलकोट उचलला जातो. असा फोड फोडला तर आतून चिकट, आंबूस वासाचे पाणी निघते. लिटमस कागद असेल तर लावून पाहावा, तो बहुधा तांबडा होतो. डोळे मात्र लांब ठेवावेत, कारण हे पाणी दाबाखाली असते आणि पिचकारीसारखे उडते.

आता एक प्रश्न. होडी समुद्राच्या पाण्यात ठेवली तर फोड लवकर येतील की गोड्या पाण्यात? पुष्कळजण समुद्राचे नाव घेतात, कारण खारे पाणी सर्व काही खाते अशी आपली समजूत. मनुकेचा प्रयोग मिठाच्या दाट पाण्यात करून पाहा, मनुका तितकी फुगणार नाही. बाहेरचे पाणी जितके गोडे, तितकी परासरणाची ओढ जास्त. म्हणून समुद्रातून काढलेली होडी पावसाळ्यात उताणी टाकून तिच्यात गुडघाभर पावसाचे पाणी साठू देणे हे तिला समुद्रात ठेवण्यापेक्षा बरे नाही. आतल्या अंगाला तर पुष्कळदा जेलकोटही नसतो. होडी पालथी घालून ठेवण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

वाळवण

येथे केळव्याच्या कारागिरापुढे एक पेच येतो. होडीला सवड मिळते ती पावसाळ्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतात. पण नेमकी तेव्हाच हवा दमट असते, आणि फायबरच्या कामाला ओलाव्याइतके वाईट काही नाही. ओल्या पृष्ठभागावर रेझिन लावले तर जुने आणि नवे यांच्यामध्ये पाण्याची पातळ चादर राहते. वरून काम घट्ट, चकचकीत दिसते. आत पकड नसते. काही महिन्यांनी लाटांचे धक्के खाऊन तो तुकडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो.

म्हणून मोठे काम उन्हाळ्यातच करणे चांगले. होडी दुरुस्तीला घ्यायची तर ती फेब्रुवारी-मार्चमध्येच बाहेर काढावी लागते, आणि तेवढे दिवस मासेमारीचे उत्पन्न बुडते. हा हिशेब अवघड आहे आणि तो किनाऱ्यावर बसून सांगणाऱ्याला सोपा वाटतो. पाऊस तोंडावर आला असताना घाईने लावलेल्या तुकड्यांचे मूळ पुष्कळदा या हिशेबातच असते.

बाहेर काढल्यावर प्रथम गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकायचे, कारण मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. मग फोड उघडायचे, सुटलेले थर घासून काढायचे आणि होडीला ऊन-वारा खाऊ द्यायचा. किती दिवस? दिवस मोजण्यापेक्षा होडीलाच विचारावे. घासलेल्या जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. दिवसभर उन्हात ठेवल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूस पाण्याचे बारीक थेंब दिसले, तर कवचात अजून ओल आहे. काही आठवड्यांनी प्लास्टिक कोरडेच राहिले की पुढे जायचे. हीच चाचणी शाळेच्या ओल धरलेल्या भिंतीवर करून पाहता येईल.

बाराला एक

भगदाड बुजवायचे तर त्याच मापाची चकती कापून भोकात बसवावी, असे कुणालाही प्रथम सुचते. ते का चालत नाही हे कागदावर पाहू. दोन बोटे रुंदीच्या कागदाच्या चार पट्ट्या घ्या. दोन पट्ट्या एकमेकींवर फक्त दोन मिलिमीटर चढवून खळीने चिकटवा. उरलेल्या दोन पट्ट्या दोन सेंटिमीटर चढवून चिकटवा. पूर्ण वाळल्यावर दोन्ही टोके धरून ओढा. पहिली जोडावरच सुटेल. दुसरी बहुधा जोड सोडून भलतीकडेच फाटेल. खळ तीच होती. फरक पडला तो जोडाच्या क्षेत्रफळाने.

होडीचे कवच ६ मिलिमीटर जाड आहे असे धरू. भोकाची कड सरळ ठेवली, तर नव्या-जुन्याच्या जोडाला जाडीएवढीच, म्हणजे ६ मिलिमीटर रुंदीची जागा मिळते. त्याऐवजी कडेला जाडीच्या बारा पट लांबीचा उतार दिला तर? ६ × १२ = ७२ मिलिमीटर. जोडाची जागा बारा पट झाली आणि प्रत्येक चौरस मिलिमीटरवर येणारा भार सुमारे बाराव्या हिश्श्यावर आला. शिवाय उतारामुळे भार एका जागी न एकवटता हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे जातो. भोक १० सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर घासलेल्या भागाचा व्यास १० + ७.२ + ७.२ = २४.४ सेंटिमीटर होतो. होडीच्या मालकाला हे पाहवत नाही. लहानसे भोक घेऊन आलो आणि याने ताटाएवढी जागा घासून टाकली! पण ताटाएवढी घासलेली जागाच भोक धरून ठेवणार असते.

घासल्याने आणखी एक गोष्ट साधते. जुना रंग, तेल, माशांची चरबी, उन्हाने मेलेला रेझिनचा थर हे सारे निघून ताजा, खडबडीत पृष्ठभाग उघडा होतो. मग अॅसिटोनने पुसायचे, तेही आधी घासण्यापूर्वी एकदा आणि नंतर पुन्हा, दर वेळी स्वच्छ फडक्याने. पहिले पुसणे विसरले तर ग्राइंडर तेलाचे कण खोबणीत आणखी खोल चोळून बसवतो. या घासण्याची धूळ म्हणजे काचेची धूळ. अंगाला खाज सुटते ते परवडले, पण ती छातीत जाता कामा नये. तोंडावर चांगली जाळी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. तुम्ही पाहायला गेलात तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब उभे राहा.

थर चढतात

काचतंतू दोन रूपांत मिळतात. आखूड तुकडे कसेही पसरून दाबलेली ‘मॅट’ आणि जाड विणीचे कापड, ‘रोव्हिंग’. मॅट सर्व दिशांना सारखी बळकट, कापड धाग्यांच्या दिशेने अधिक बळकट. एक चौरस मीटर मॅटचे वजन ४५० ग्रॅम असे मानू. हातकामात मॅटच्या थरात वजनाने सुमारे ३० टक्के काच आणि ७० टक्के रेझिन बसते. म्हणजे ४५० ग्रॅम काचेला १०५० ग्रॅम रेझिन, एकूण १५०० ग्रॅम. या संमिश्राची घनता सुमारे १.४५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. भागाकार केला तर थराची जाडी जवळपास १ मिलिमीटर येते. तेव्हा आपल्या ६ मिलिमीटरच्या होडीला सहा थर लागतील. २४.४ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत लहान होत गेलेल्या सहा चकत्यांचे क्षेत्रफळ सुमारे ०.१५ चौरस मीटर भरते. काच लागेल ७० ग्रॅमच्या आत-बाहेर आणि रेझिन १६० ग्रॅम. त्याला दीड टक्का पेरॉक्साइड म्हणजे २.४ ग्रॅम. आकडेमोड वहीत स्वतः करून पाहा.

हे २.४ ग्रॅम अंदाजाने ओतायचे नसतात. कमी पडले तर जाळे अपुरे राहते आणि रेझिन कायमचे मऊ राहते. जास्त झाले तर ते फार तापते. कारण बंध जुळताना उष्णता बाहेर पडते. पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते, पण डब्यात उरलेल्या रेझिनमधली बाहेर पडू शकत नाही. उष्णतेने क्रिया वेगात, वेगाने आणखी उष्णता, आणि पाहता पाहता डब्यातून धूर येऊ लागतो. म्हणून एका वेळी थोडेच कालवायचे आणि उरलेले पसरून टाकायचे.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पेरॉक्साइड आणि शुद्ध कोबाल्ट संयुग एकमेकांत थेट कधीही मिसळत नाहीत, त्याचा स्फोट होतो. आणि पेरॉक्साइडचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. गेलाच तर क्षण न दवडता भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवायचा आणि तसेच दवाखाना गाठायचा. म्हणून या लेखातले मनुका, कागद आणि नाण्याचे प्रयोग तुमचे. रसायने जाणत्या कारागिराची.

आतून आधाराला फळी लावून आधी सर्वांत मोठी चकती बसवायची, मग लहान लहान. काही कारागीर उलट क्रम धरतात. मला पहिला क्रम अधिक पटतो, कारण मोठी चकती संपूर्ण उतारावर सलग बसते आणि जुन्या-नव्याच्या सीमेवर चकत्यांच्या कडा येत नाहीत. प्रत्येक थर रेझिनने भिजवून खाचांच्या लोखंडी रोलरने दाबून हवेचे बुडबुडे काढायचे. पांढुरकी मॅट भिजली की पारदर्शक होते. पांढरा ठिपका राहिला तर तेथे हवा आहे, आणि आज जिथे हवा आहे तिथेच उद्या पाणी जमेल. काम भर दुपारच्या उन्हात करत नाहीत. तापत्या कवचातली हवा प्रसरण पावून बुडबुडे वर येतात. ऊन कलल्यावर सावलीत सुरुवात केली, तर निवणारे कवच रेझिन थोडे आत ओढून घेते. पण दव पडायला लागण्यापूर्वी काम घट्ट व्हायला हवे, एवढे घड्याळ सांभाळावे लागते.

पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी रेझिन वापरले तर जुन्या पृष्ठभागावरची पकड पुष्कळच चांगली मिळते. ते महाग पडते आणि त्याच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट घट्ट होत नाही, तेव्हा वरून रंग द्यावा लागतो. भगदाडापुरते आणि मागच्या फळीपुरते तरी इपॉक्सी वापरावे, बाकी झिजलेल्या कण्यावर पॉलिएस्टरचे दोन-तीन थर पुरतात, असा मध्यम मार्ग मला योग्य वाटतो.

शेवटच्या थराची एक गंमत आहे. पॉलिएस्टर आतून घट्ट होते, पण हवा लागणारा पृष्ठभाग चिकट राहतो, कारण ऑक्सिजन ती साखळी जोडण्याची क्रिया रोखतो. मधल्या थरांना हे सोयीचेच, पुढचा थर त्यावर चांगला धरतो. शेवटच्या थरात मात्र थोडे पॅराफिन मेण विरघळवतात. रेझिन घट्ट होताना मेण वर तरंगून येते आणि पातळ पडदा धरून हवा अडवते. हा थर दिल्यावर दुसऱ्या दिवशी आणखी एक थर द्यायची लहर आली, तर आधी मेण संपूर्ण घासून काढावे लागते, नाही तर त्यावर काहीच चिकटत नाही.

प्रत्येक जुनी होडी अशी वाचवता येते असे नाही. निम्म्याहून अधिक पोट बद्द वाजत असेल, फासळ्या कवचापासून सुटल्या असतील, तर खर्च नव्या होडीच्या जवळ जातो. मग प्रश्न येतो तो टाकायचे कोठे. लाकडी होडी मोडली तर चुलीत जाते. फायबरची होडी अंड्याच्या जातीची, वितळवून तिचे दुसरे काही करता येत नाही, आणि उघड्यावर जाळली तर काळा, घातक धूर होतो. किनाऱ्याच्या कडेला पडून राहिलेली कवचे तुम्हाला दिसतील ती यामुळे. वेळेवर केलेला एक चांगला जोड तो दिवस बराच लांबवतो.

सहा थर चढल्यावर होडी आठवडाभर तशीच ठेवतात. पहिल्या दिवशी ती दगडासारखी वाटली तरी जाळ्यातले उरलेले बंध पुढे कित्येक दिवस जुळत असतात. नंतर नाणे घेऊन जोडावर पुन्हा टकटक करायची. मग भरतीच्या वेळी, जाळी आणि मशीन न चढवता, होडी खाडीच्या शांत पाण्यात दोरीने बांधून ठेवायची आणि आत कोरडी राख भुरभुरायची. ओहोटी लागली की आत उतरून राख पाहायची. ओली झालेली राख काळपट दिसते, आणि ती जिथे पहिल्यांदा काळी पडली असेल तिथे खडूची खूण करून होडी परत वर घ्यायची.